खिसा नसलेली बाई

मेल्यावर माणसाचे कपडे कोण धुतं, हा प्रश्न मला आयुष्याची चव्वेचाळीस वर्षं कधी पडला नव्हता. तो पडला लातूरला, भाड्याच्या खोलीत, एप्रिलच्या भर दुपारी. उत्तरही तिथंच मिळालं. एक गोल चेहऱ्याची, बाह्या कोपरापर्यंत सारलेली धोबीण धुते. ती एका टेकडीच्या पायथ्याशी राहते. तिला बोट लावलं की ती चालते, कारण ती एका गेममधली आहे.

आता पुन्हा एप्रिल आलाय. नांदेडच्या आमच्या गल्लीतून सकाळी सहाला मुली क्लासला निघतात. पाठीवर बॅग, हातात पोळीची गुंडाळी, चालता चालता एक घास आणि एक सूत्र. त्यांच्यातली एखादी "मायनसमध्ये गेले यार" म्हणते आणि माझ्या हातातला झाडू थांबतो. त्यांना वाटत असेल, ही बाई रोज दारात उभी राहून आपल्याकडं काय बघते. मी त्यांच्याकडं बघतच नसते. घरात मी एकटी असते. नवरा हिमायतनगरकडं शाळेत मास्तर आहे, शनिवारी येतो. तेजू, आमची एकुलती एक, दूरच्या शहरात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकटं माणूस झाडू थांबवून उभं राहिलं तरी त्याला टोकणारं कुणी नसतं.

रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता. आमच्याकडच्या आयांचा दोन वर्षांचा असतो आणि तो लातूरला असतो. पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली की बाप गावी राहतो आणि आई दोन पातेली, एक कुकर आणि गादी घेऊन डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लाससाठी लातूरला खोली करते. आमच्या इमारतीत अशा अकरा आया होत्या. तिथं जिन्यात भेटलेल्या बाईला नाव विचारायची रीत नव्हती. "तुमच्या मुलीला किती पडले?" एवढंच विचारायचं. त्यामुळं आमची नावं दर रविवारच्या टेस्टनंतर बदलायची. मी कधी सव्वापाचशेची आई असायची, कधी पावणेसहाशेची. एकदा तेजूला ताप होता तेव्हा चारशे ऐंशीची झाले होते. त्या आठवड्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. खोटं कशाला बोलू, मीही दुसऱ्यांशी तशीच वागायचे.

पहाटे उठून डबा. तेजू गेली की झाडणं, धुणं. अकरा वाजता सगळं आवरलेलं असायचं आणि समोर संध्याकाळचे सहा असायचे. मधले सात तास कुणाचेच नव्हते. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर आवर्त सारणी. मी ती सारणीसुद्धा पाठ करायला घेतली होती. सोडियमपर्यंत गेले.

मग तो गेम आला. तेजूच्या चुलतबहिणीनं जुन्या टॅबवर टाकून दिला होता, डोकं शांत ठेवायला. तेजू जेवणानंतर दहा मिनिटं खेळायची आणि अकराव्या मिनिटाला तिला अपराधी वाटायला लागायचं. चार दिवसांनी तिनं टॅब माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, तूच खेळ. मला फक्त रात्री जेवताना सांगत जा, पुढं काय झालं ते."

"मला कुठं येतंय ते? हरले तर?"

"यात हरणं नाहीये गं. म्हणून तर आवडतो मला."

एका चुकीला एक मार्क कापणाऱ्या जगात राहणारी पोर ती. हरणं नसलेल्या जागेची तिला केवढी अपूर्वाई असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी आपली टॅब पुसून ठेवला.

गेमचं नाव इंग्रजीत होतं, आम्ही त्याला धोबिणीचा गेम म्हणायचो. त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, सगळी चित्रं. मेलेली माणसं टेकडीखालच्या त्या लाँड्रीत येतात. भुतं वगैरे काही नाही. पावसात सापडलेले पाहुणे दारात उभे राहावेत तशी ती ओली आणि ओशाळलेली असतात. त्यांना टेकडीपलीकडं जायचं असतं, पण अंगावरचे कपडे ओले आणि जड, चढवतच नाही. म्हणून ती आपले कोट, पायमोजे, टोप्या धोबिणीच्या हवाली करून बाकावर बसतात. आता धुण्याआधी खिसे तपासायचे, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. खिशात वस्तू निघतात. किल्ली, बटण, फाटकं तिकीट, वाळलेलं पान. त्यावरून ओळखायचं, की या माणसाचा जीव कुठं अडकलाय. मागच्या खोलीतल्या फळीवर त्या वस्तू नेमक्या जागी मांडल्या की कोडं सुटतं, कपडे झटक्यात वाळतात, माणूस ते घालून हलक्या पावलांनी टेकडी चढून जातो. धोबीण हात हलवते. मग दुसरा येतो.

सुरुवातीला मी एका म्हाताऱ्याला सहा दिवस बाकावर बसवून ठेवलं. त्याच्या खिशात एक तपकिरी गोळा होता. मला वाटलं बिब्बा. थंड मुलखातल्या गेममध्ये बिब्बा कुठून येणार? तेजू पोट धरून हसली. ते कसलंसं तिकडचं फळ होतं, पोरं त्यानं खेळतात म्हणे. म्हातारा मार्गी लागला. पुढं मी तयार झाले. रोज दुपारी एकदोन माणसं पोचती करायचे आणि आठच्या जेवणाला तेजूपुढं हिशेब मांडायचे. ताट समोर आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज कोण आलं होतं?" मी सांगायचे. एक टपालवाला आला होता. दोघी जुळ्या बहिणी आल्या होत्या, एकच कोट घालून. तेजू खात खात कोडं सोडवायला बघायची, डोळ्यांत अभ्यासाचा ताण नसायचा. त्या अर्ध्या तासासाठी मी दिवसभर जगायचे, हे आता सरळ कबूल करते.

परीक्षेला अठरा दिवस राहिले असताना सकाळी नऊला दादाचा फोन आला. माझं माहेर लोह्याजवळच्या खेड्यात. दादा, म्हणजे माझा भाऊ, तिथं शेती बघतो. तो एवढंच म्हणाला, "माय गेली गं." रात्री जेवून झोपली होती, सकाळी उठली नाही. पाठोपाठ नवऱ्याचा फोन. रडत होता तोही, मायचा लाडका जावई होता. पण पहिलं वाक्य काय बोलला? "तेजूला कळू देऊ नको. परीक्षा होऊ दे."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या जिन्यात ही रीतच होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचे आजोबा फेब्रुवारीत गेले होते. ते अकराच्या अकरा आयांना माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं, फक्त त्या मुलीला माहीत नव्हतं. ती जिन्यातून उतरली की आम्ही सगळ्या कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलायला लागायचो. मरण आमच्याकडं परीक्षेपर्यंत थांबवून ठेवता येतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं की झालं. तेजू तर मायच्या मांडीवर वाढलेली. मी बाळंतपणानंतर वर्षभर आजारी होते, तेव्हा मायनंच तिला अंगाखांद्यावर घेतलं होतं. तिला कळलं असतं तर अठरा दिवसांचं काय झालं असतं, याचा विचारही कुणाला करायचा नव्हता.

दादाच्या जमिनीच्या कागदावर सही करायला जातेय, असं तेजूला कळवून मी नांदेडची गाडी धरली आणि लोह्याला उतरले. माय अंगणात होती. बायांनी तिला आंघोळ घातली तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीनं, ताईनं, तिच्या लुगड्याची कमरेची कनवट सोडली. आत सुपारीचं खांड निघालं, कागदात गुंडाळलेली बीपीची अर्धी गोळी आणि एक सेफ्टीपिन. मी त्या तीन वस्तूंकडं बघत राहिले. दोन महिने मी परक्या माणसांचे खिसे उलटे करून त्यांची आयुष्यं ओळखत होते आणि माझ्या सख्ख्या आईच्या तीन वस्तूंवरून मला काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं. मायला आयुष्यात कधी खिसा नव्हता. सत्तर-बहात्तर वर्षं जगली बाई, आणि तिच्या कुठल्याही कपड्याला खिसा नव्हता.

सूर्य कलायच्या आत सगळं उरकलं. मी दिवेलागणीला लातूरला परत आले, गाडीच्या धुळीचं निमित्त सांगून डोक्यावरून पाणी घेतलं, कुकर लावला.

"आज देवाला दिवा नाही लावलास?" तेजूनं विचारलं.

"तेल संपलंय."

ताटं वाढली. तिनं पहिला घास घेतला आणि मान वर न करता विचारलं, "आज कोण आलं होतं?"

त्या दिवशी मी टॅबला हात लावला नव्हता. काहीतरी सांगायचं म्हणून तोंड उघडलं आणि आतून जे आलं ते आलं. "एक म्हातारी आली होती," मी म्हणाले.

"खिशात काय होतं?"

"खिसाच नव्हता. लुगडं नेसलेली."

"त्या गेममध्ये लुगडं? भारीच." तिला कौतुक वाटलं. "मग सुटणार कसं?"

"तेच तर."

मी उठून भाजी वाढायच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड केलं. असं त्या दिवशी मी माझ्या आईला त्या गेममध्ये नेऊन बसवलं. रडायला जागा नव्हती हो. एक खोली, एक पोर, अठरा दिवस. मेलेल्या आईबद्दल बोलायची तेवढी एकच फट मला सापडली आणि मी रोज रात्री तिच्यातून बोलत राहिले.

तेजूला त्या म्हातारीनं पछाडलंच. "ती काय करते नुसती?" बाकावर बसते. "बोलत नाही?" पुटपुटते, कळत नाही. "दिसायला कशी आहे?" कपाळावर गोंदण आहे, डावा कान जरा फाटलेला. "अगं, आपल्या आजीसारखीच की!" असं ती एकदा म्हणाली आणि माझ्या हातातला उलथना तव्यावर आपटला. सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच दिसतात, असं मी म्हणाले. मग ती सूचना द्यायला लागली. पदराला गाठ असेल बघ. केसात आकडा असेल. एकदा म्हणाली, "तिला सरळ विचार ना, तुला काय हवंय. इतर सगळ्यांचं आपण वस्तूंवरून ओळखतो, कारण त्यांना बोलता येत नाही. ही पुटपुटते तरी."

दहाव्याला मी गेले नाही. पुन्हा सहीचं निमित्त चाललं नसतं, आणि क्लासला सुट्टी लागल्यामुळं तेजू दिवसभर खोलीतच होती. त्या सकाळी ती टेबलाशी घड्याळ लावून सरावाचा पेपर सोडवत बसली होती आणि मी खाटेवर मेथी निवडत होते. साडेनऊला दादाचा फोन वाजला. नदीवर पिंड ठेवला होता. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. तेजूला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज अगदी बारीक केला आणि फोन कानात दाबला.

"तासभर झाला," दादा सांगत होता. "मी म्हनलं, भावकीशी भांडनार न्हाई. तुझी वहिनी म्हनली, तुळशीला पानी घालत जाईन. ताईनं बी सांगून पाह्यलं. शिवनाच. समदे म्हनून राहिलेत, तिचा जीव धाकटीत अडकलाय. मी फोन पिंडापाशी धरतो. तू बोल काहीतरी."

तेजू माझ्यापासून चार हातांवर. पेन्सिलीचा आवाज मला येत होता. पलीकडं फोनमध्ये वारा आणि भटजींचं खाकरणं. मला म्हणायचं होतं, माय, मी आले नाही म्हणून रागावू नको. तुझ्या नातीला मी तू गेल्याचं सांगितलं नाही. मला तिला सांगू दे किंवा मला रडू दे, दोन्हीतलं एक कर.

"हो, मी आहे," मी म्हणाले. "सगळं बरं आहे इकडं. काळजी करू नको." मग तेजूचंच वाक्य तोंडात आलं. "काय हवंय तुला?"

तेजूनं मान वळवली. "मामाला काय हवंय?"

"मेथी," मी म्हणाले. आता हसू येतं. तेव्हा मी खरंच मेथी म्हणाले.

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक घरी गेले. दादानं दुपारी सांगितलं, आवाजात बोल नव्हता, पण होताही. गावात बाया बोलल्याच असतील. गेममध्ये कोडं चुकलं तर माणूस बाकावर बसून राहतो, तुमची वाट बघतो. नदीवर तसं नसतं. तिथं उन्हं चढतात, लोकांना कामं असतात.

परीक्षेच्या आदल्या रात्री तेजूनं शेवटचं विचारलं, "गेली का गं म्हातारी?"

"गेली."

"कसं काय? काय हवं होतं तिला?"

"काही नाही. कपडे वाळले, गेली."

"असं कसं? काहीतरी केलं असशील तू," ती म्हणाली, पण तिला बरं वाटलं. लवकर झोपली.

सकाळी देवापुढं उभी राहिली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आजीला फोन लाव." मी कितीतरी दिवस आजीचा फोन बिघडलाय, आजीला ऐकू कमी येतंय, आजी ताईकडं गेलीय असं सांगत आले होते. आज ती ऐकेना. दहावीला, बारावीला मायनं तिला फोनवर तेच एक वाक्य म्हटलं होतं. "पेपर काय वाघ हाय का? जा, लिहून ये." ते ऐकल्याशिवाय ती सेंटरला निघणार नव्हती. रडवेली झाली होती.

मी रेंज येत नाही म्हणत गच्चीवर गेले आणि ताईला फोन लावला. ताई लोह्याला राहते. तिचा आवाज हुबेहूब मायचा. फोनवर दादाही पूर्वी फसायचा. मी म्हणाले, "ताई, तेजू आजीशी बोलायचं म्हणतेय. तू बोलशील?"

"माय होऊन?" ताईनं विचारलं.

"ताई, लेकराची परीक्षा आहे गं."

"दे," ताई म्हणाली.

मी खाली आले, स्पीकर लावून फोन तेजूच्या हातात दिला. आणि त्या खोलीत माझी आई बोलली. "तेजे, काऊन रडून राहिलीस? पेपर काय वाघ हाय का? जा माय, लिहून ये. मी हाय हितंच." तेजूनं फोन कपाळाला लावला. तिचे खांदे खाली आले. मी मोरीत जाऊन नळ सोडला. तेरा दिवस वगैरे सगळं होऊन गेलं होतं, पण माझी आई मला त्या मिनिटाला मेली.

पेपर छान गेला.

दुसऱ्या दिवशी सामान बांधून आम्ही नांदेडच्या गाडीत बसलो. लोह्याला उतरायचं आणि घरात शिरायच्या आधी तिला सांगायचं, असं माझं ठरलं होतं. ती खिडकीशी बसली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या मांडीवर पुस्तक नव्हतं, टॅब होता. गेममध्ये वेळ घालवायला आता कुणाची ना नव्हती. ती पोचत्या केलेल्या माणसांचं पान उघडून एकेक चेहरा बघत होती. टपालवाला. जुळ्या बहिणी. बिब्बावाला म्हातारा, त्याला बघून हसली. चाकूरच्या स्टँडवर गाडी थांबली. बाहेर पाणी, काकडीवाले ओरडत होते. तेजूनं पान वरखाली केलं, पुन्हा केलं.

"आई, ती म्हातारी कुठंय?"

मी खिडकीबाहेरच्या काकडीवाल्याकडं बघत होते.

"लुगड्यातली. खिसा नसलेली. इथं नाहीये ती."

मी तिच्याकडं बघितलं. बघितलं आणि तिला कळलं. हुशार पोर आहे माझी. तिला वस्तू मांडून दाखवायची गरज पडली नाही. गोंदण, फाटका कान, न लावलेला दिवा, बिघडलेला फोन, सगळं तिनं स्वतःच फळीवर लावलं. मला वाटलं, आता रडेल आणि मी जवळ घेईन. त्या अठरा दिवसांत माझ्या मनात या क्षणाची एवढीच तयारी होती. तिचा चेहरा मात्र कोरडा पडला.

"मग काल मी कुणाशी बोलले?" ती म्हणाली.

"ताईमावशीशी."

ती उठली. माझ्या गुडघ्यांवरून पलीकडं गेली आणि तीन सीट सोडून मागं जाऊन बसली. गाडी सुटली. अहमदपूरला एक बाई ज्वारीचं गाठोडं घेऊन चढली आणि माझ्या शेजारी बसली. तिनं विचारलं, "एकट्याच का?" मी हो म्हणाले.

तेजूला सरकारी कॉलेजात जागा मिळाली. आमच्या गल्लीत पेढे वाटले. त्या जिन्यातल्या आया आजही एकमेकींना सांगतात, की बघा, तिनं आई गेल्याचंसुद्धा कळू दिलं नाही, तेव्हा पोरीचं झालं. माझं उदाहरण देतात. मला ते ऐकवत नाही, आणि चूक केली असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. सांगितलं असतं आणि नंबर लागला नसता, तर ती मला याहून लांबच्या सीटवर जाऊन बसली असती का? हे कोडं मी तीन वर्षं सोडवते आहे. तेजू वाईट वागत नाही. फोन करते, जेवले म्हणते, सुट्टीत येते. पण आज कोण आलं होतं, असं तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. टॅब मी कपाटात ठेवला होता. यंदा एप्रिल लागल्यावर काढला, चार्ज केला. धोबीण अजून तिथंच आहे. बाकावर कुणी नाही. सगळी माणसं गेली की ती रिकामी दोरी नीट करत बसते, एवढंच तिचं काम उरतं.

परवा ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "तेजूची परीक्षा हाय म्हनं सोमवारपासून."

मला माहीत नव्हतं. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. दर परीक्षेला करती की फोन. दोन वर्सं झाली."

पहिलं वर्षभर तेजू ताईशी बोललीसुद्धा नव्हती. मग कधीतरी पेपरच्या आदल्या दिवशी तिनं फोन केला, रडली, आणि म्हणाली, मावशी, आजीसारखं बोल ना एकदा. तेव्हापासून ती करते. ताई बोलते. पेपर काय वाघ हाय का, लिहून ये. मला दोघींनीही सांगितलं नव्हतं.

मला वाटला तो हेवा होता, दुसरं नाव नाही. माझ्या लेकीला माझ्या आईचा आवाज मिळत होता आणि मी इथं नांदेडात रिकाम्या घरात झाडू धरून उभी होते. वयाची लाज न बाळगता मी म्हणाले, "ताई, माझ्याशी पण बोल ना तसं. एकदाच. मी गेले नव्हते गं दहाव्याला."

"न्हाई," ताई म्हणाली.

"का?"

"लेकराला बोलते. तिनं मायला मेलेली पाह्यलीच न्हाई, तिला चालतंय. तू पाह्यलीस. आन माय माझी बी व्हती की गं. तुला म्या बोलीन, मंग मला कोन बोलंल?"

तीन वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अठरा दिवस, माझं न रडणं, माझी फट, माझी पोर. लोह्यातल्या त्या घरात माझ्या बहिणीला मी मेलेल्या आईच्या तोंडानं बोलायला लावलं आणि काम झाल्यावर फोन ठेवून दिला. पेपर छान गेला, एवढं मात्र संध्याकाळी आठवणीनं कळवलं होतं.

"ताई," मी विचारलं, "त्या दिवशी तेजूशी बोलून झाल्यावर तू काय केलंस?"

तिकडं भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"काय करनार? चूल पेटवली," ती म्हणाली. "दिसभर कुनाशी बोल्ले न्हाई बग. तुजे भावजी इचारून थकले. भ्याव वाटलं, तोंड उघडलं तर कुनाचा आवाज येतो म्हून."